आजव्याचा गाळ

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बडोद्याला जाऊन आलो. नंदुरबारहून गाडीत बसलं, की नवापूरचं ते गमतीचं स्टेशन लागतं. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. पुढे व्यारा, मग सुरत, आणि तिथून बडोदे. सरकारी कागदांवर वडोदरा असलं तरी आमच्या घरात ते अजून बडोदंच आहे. वडिलांची धाकटी बहीण लग्न होऊन तिथे गेली त्याला आता पंचावन्न वर्षं झाली. पुस्तकी मराठीत ती माझी आत्या, पण आम्ही तिला अहिराणी पद्धतीने फुईच म्हणतो. शेजारच्या गुजराती बायका तिच्या घरी येणाऱ्या भाचरांकडून 'फुई' ऐकतात, तेव्हा त्यांना फार आपलेपणा वाटतो. त्यांच्याकडेही तेच नातं आणि जवळजवळ तोच शब्द!

फुईचं सासर दांडिया बाजारातल्या वाड्यातलं. वाडा वाटण्यांमध्ये गेला आणि १९९० च्या सुमाराला फुवांनी समा भागात एका सोसायटीत दोन खोल्यांचं बैठं घर घेतलं. मागे हातभर अंगण, त्यात तुळस आणि एक शेवगा. नदी थोड्या अंतरावर. त्या काळी नदीजवळ घर म्हणजे वारा चांगला, एवढाच अर्थ होता.

यावेळी घरात शिरलो आणि पहिली नजर भिंतीकडे गेली. छातीच्या उंचीवर एक मातकट रेघ घरभर फिरलेली होती, दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, देवघरात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला, त्याची ही रेघ. बाकी घराला रंग लागला आहे, पण एका खोलीतली रेघ फुईने मुद्दाम ठेवली. मी विचारलं, "फुई, ही का नाही पुसली?"

ती म्हणाली, "राहू दे. उमेशला दाखवायला ठेवलीये. तो फोनवर म्हणतो, आई तू वाढवून सांगतेस."

उमेश माझा आतेभाऊ. पुण्यात असतो. घर विकून आईने पुण्याला यावं, असं त्याचं म्हणणं आहे. फुईचं म्हणणं असं, की शहात्तराव्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी काय करू? दोघांचंही खरं आहे. त्या पुरानंतर दोन वेळा हा विषय निघाला आणि दोन्ही वेळा अर्धवट राहिला. यावेळी मध्यस्थ म्हणून मला बोलावलं होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पण मध्यस्थी करायची तर आधी प्रश्न नीट कळायला हवा. पुन्हा पूर येईल का? या एका प्रश्नावर सगळं अडलेलं. आणि त्या प्रश्नाचं मूळ बडोद्यापासून वीसेक किलोमीटरवर, आजव्याच्या तलावात आहे. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली आणि फुईला घेऊन आजव्याला गेलो.

वाचकांपैकी ज्यांनी आजवा पाहिला असेल, त्यांना तिथली बाग आणि कारंजी आठवत असतील. मला मात्र आठवतात ते फुवा. ते पाणीपुरवठ्याच्या कामात नकाशे काढणारे, म्हणजे ड्राफ्ट्समन होते. मी आठवीत असताना त्यांनी मला ऐन मे महिन्यात तिथे नेलं होतं. बाग दाखवलीच नाही. पाणी आटून मागे सरकलं होतं, तिथे तळ्याच्या पोटात उतरवलं आणि एका काठीने चिखल खुपसून दाखवला. काठी कोपरभर आत गेली. "धरण पावसाळ्यात वरून बघायचं नसतं," ते म्हणाले, "उन्हाळ्यात आत उतरून बघायचं असतं." तेव्हा मला त्यात काही मजा वाटली नव्हती. पुढे भूगोल शिकवायला लागल्यावर तेच वाक्य दरवर्षी वर्गात सांगतो.

आजव्याची गोष्ट बडोद्याच्या मराठी माणसाला अभिमानाने सांगता येईल अशी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला आणि चार वर्षांत, म्हणजे १८८५ मध्ये, आजव्याच्या कामाचा पाया घातला गेला. पावागडाच्या बाजूने येणारं पाणी कित्येक हजार फूट लांबीचा मातीचा बांध घालून अडवलं. १८९० पर्यंत काम पुरं झालं आणि १८९२ मध्ये शहरात नळाने पाणी आलं. तेव्हा बडोद्याची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर होती. योजना केली तीन लाख माणसांची! आपल्यानंतर जन्मणाऱ्यांच्या तहानेचा हिशेब त्यांनी धरला होता. आज शहराला मही नदीतल्या विहिरींचं आणि नर्मदेचंही पाणी मिळतं, तरी आजव्याचं पाणी निमेट्याला शुद्ध होऊन शहराच्या पूर्व भागात अजून जातंच आहे.

पण तहानेचा हिशेब धरला, तसा गाळाचा हिशेब कुणी किती धरला?

नदी जोरात धावते तेव्हा तिच्या अंगात माती वाहून नेण्याची ताकद असते. तीच नदी तळ्याच्या शांत पाण्यात शिरली की तिचा वेग मोडतो आणि हातातलं ओझं ती खाली ठेवते. जड रेती आधी, तळ्याच्या तोंडाशीच. बारीक चिकणमाती पुढे जाते आणि भिंतीपर्यंत सावकाश बसत राहते. धरण बांधणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून तळाचा काही भाग ते गाळासाठी सोडूनच देतात. त्याला आपण मृतसाठा म्हणतो. वर्तमानपत्रात 'धरणात फक्त मृतसाठा उरला' अशी बातमी येते, ती याच पाण्याची. पण कागदावर ठरलं तसं गाळ वागत नाही. तो काही शहाण्यासारखा थेट तळाच्या राखीव खोलीत जाऊन बसत नाही. निम्मा तर दारातच बसतो, म्हणजे आपल्या वापराच्या पाण्याच्या जागेत. त्यामुळे मृतसाठा भरायच्या आधीच जिवंत साठा कमी होऊ लागतो, आणि वरून बघणाऱ्याला पाण्याची पातळी तेवढीच दिसते. पातेलं तेच, काठापर्यंत दूधही तेवढंच, पण तळाला खरवडीचा थर चढलेला, असा हा प्रकार.

स्वातंत्र्यानंतर मोठी धरणं बांधायला घेतली, तेव्हा डॉ. अयोध्यानाथ खोसला यांनी १९५३ मध्ये गाळाचं एक प्रमाण मांडलं होतं. पाणलोटाच्या शंभर चौरस मैलांमागे वर्षाला साधारण पंचाहत्तर एकर-फूट गाळ येईल असं धरून चला. पुष्कळ धरणांचे आराखडे अशाच अंदाजांवर झाले. पुढे प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी गाळ त्याच्या कितीतरी पट निघाला. मोजणीची रीतही समजण्यासारखी आहे. होडीत बसून ध्वनिलहरींनी तळाची खोली घेत तळंभर फिरायचं आणि जुन्या नकाशाशी ताडून बघायचं. किंवा पाणी कमी-जास्त असताना उपग्रहाची चित्रं घेऊन कुठल्या पातळीला किती क्षेत्रावर पाणी पसरलं ते मोजायचं. आपल्याकडे नाशिकची 'मेरी' हे काम करते. बडोद्यातही रेसकोर्स भागात गुजरातची तशीच अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. फुवा निवृत्तीनंतरही तिथल्या ओळखीच्या माणसांशी गप्पा मारायला जात असत.

सर्वांत बोलकं उदाहरण निजामसागराचं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावणारी मांजरा नदी निजामाने आपल्या राज्यात अडवली. १९३१ मध्ये धरण पूर्ण झालं. सत्तरच्या दशकात मोजलं तेव्हा निम्म्याहून अधिक क्षमता गाळाने खाल्लेली होती. चाळीस वर्षांत! तो गाळ म्हणजे बीड-लातूरच्या शेतकऱ्याची काळी जमीन.

आणि आपण नंदुरबारकरांनी हसायचं कारण नाही. आपला गाळ उकाईत आहे. तापी, पूर्णा, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, गोमाई या साऱ्या नद्या खानदेश आणि वऱ्हाडाची माती घेऊन तिथे जातात. उकाईच्या पाण्याखाली आपल्या नवापूर भागातली काही गावं गेली, हे जुन्या लोकांना आठवत असेल. त्यांच्यावर आता आपल्याच शेतांचा थर बसतो आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणाची मूळ क्षमता सुमारे ८,५०० दशलक्ष घनमीटर होती. पुढच्या सर्वेक्षणांनंतर ती ७,४०० च्या आसपास धरली जाते. म्हणजे अकराशे दशलक्ष घनमीटर कमी. आपल्याला टीएमसीत समजतं, तर हे झाले जवळपास ३९ टीएमसी. पुण्याला पाणी देणारी चारही धरणं एकत्र केली तरी ती तिसाच्या आतच आहेत. पुण्याची सगळी धरणं गिळून उरेल, एवढी जागा एकट्या उकाईत मातीने अडवली.

"मग काढा की गाळ!" वर्गात मुलं लगेच म्हणतात. मी त्यांना फळ्यावर गणित करायला लावतो. एका मोठ्या डंपरमध्ये दहा घनमीटर माती धरा. अकराशे दशलक्ष घनमीटरला अकरा कोटी खेपा. रोज हजार डंपर भरून काढले, एकही दिवस खाडा नाही, तर किती दिवस? एक लाख दहा हजार. म्हणजे तीनशे वर्षं. आणि त्या तीनशे वर्षांत नदी हात बांधून बसणार नाही. शिवाय ती माती टाकायची कुठे, हा प्रश्न वेगळाच. वर्ग गप्प होतो.

जगभर हीच स्थिती आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत भारतातल्या सुमारे ३,७०० मोठ्या धरणांची मूळ क्षमता एकूण सव्वीस टक्क्यांनी घटलेली असेल. म्हणजे चार हंड्यांपैकी एक हंडा मातीचा.

उपाय नाहीत असं नाही. पण ते भिंत बांधतानाच सुचावे लागतात. इजिप्तमध्ये नाईल नदीवर १९०२ मध्ये अस्वानचं जुनं धरण झालं, त्याला खालच्या अंगाला एकशेऐंशी दारं ठेवली होती. पुराचं गढूळ पाणी येई तेव्हा दारं उघडी. पूर ओसरून पाणी निवळलं की दारं बंद. गढूळ जाऊ द्यायचं, निवळ साठवायचं. पुढे १९७० मध्ये वरच्या अंगाला प्रचंड उंच धरण झालं आणि गाळ अडकला.

इजिप्तला तरी कशाला जायचं! पांझरेकाठची आपली फड पद्धत घ्या. साक्री-धुळे भागातले ते जुने दगडी बंधारे बुटके होते. पूर त्यांच्या डोक्यावरून निघून जाई, सोबत मातीही जाई. आणि हंगाम लागण्याआधी फडातले सारे बागायतदार मिळून पाटातला गाळ काढत. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं नेमलेली असत. गाळ काढणं हे कुणा कंत्राटाचं काम नव्हतं, ते वर्षाचं ठरलेलं काम होतं, दिवाळीआधी घर सारवावं तसं. म्हणून काही शतकं ते बंधारे चालले.

तर आता पुन्हा आजव्याच्या काठावर येतो. फुई बांधावर बसून राहिली, मी इकडेतिकडे फिरलो. आजव्याला बासष्ट दरवाजे आहेत. पाणी २१४ फुटांपर्यंत साठवता येतं, पण पावसाळ्यात ते २११-२१२ च्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण जास्तीचं पाणी विश्वामित्रीत येतं आणि विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. २०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला आणि मगरी रस्त्यावर आल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २०२४ मध्ये काळ्या घोड्याच्या पुलाजवळ नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण पंचविसाच्या आसपास आहे. तीन दिवस फुई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होती.

त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या जवळपास पंचवीस किलोमीटर पात्रातला गाळ काढायला घेतला आणि आजवा व शेजारचं प्रतापपुरा सरोवर यांच्याही पोटात यंत्रं उतरली. नदीत चारशेहून अधिक मगरी असल्याने ते काम तसं सोपं नव्हतं.

आता हे गाळ काढणं पुराच्या किती कामाचं? इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण फुईच्या शेजारी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो गाळ निघाला, आता पूर नाही. दुसरा म्हणतो सगळी धूळफेक. दोघंही घाई करतात. तळं भरलेलंच असेल, तर तळाचा गाळ काढून पुराला जागा मिळत नाही. ती जागाही पाण्याने भरलेली असते. पूर सामावतो तो पाण्याच्या पातळीच्या वरच्या मोकळ्या जागेत. पण गाळ निघून तळं खोल झालं, तर तेवढंच पिण्याचं पाणी दोन फूट खालच्या पातळीला साठवता येतं, आणि ते दोन फूट पावसासाठी राखता येतात. म्हणजे गाळ काढणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम पातळी खरोखर खाली ठेवण्याचं. ते यंत्राने होत नाही, संयमाने होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी तळं रिकामं दिसलं की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो, पाऊस नाही आला तर? मग चार इंच जास्त ठेवू, असं होतं.

आणि तरीही वरून माती येतच राहणार. त्याचं काय?

इथे मला माझ्याच घरचं सांगायला हवं. आमच्या गावाला १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर एक पाझर तलाव झाला. वडील तेव्हा तरुण. त्यांनी आणि आजीने त्या बांधावर घमेली वाहिली आहेत. त्या तलावामुळे आमच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असे. हळूहळू तो डिसेंबरात आटू लागला, मग दसऱ्याला. शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात गावाने गाळ काढला. मी कॉलेजची दहा पोरं घेऊन गेलो, भाषण केलं, नारळ फोडला. तो काळा पोयटा आम्ही आमच्या मुरमाड तुकड्यात टाकला. त्या वर्षी तिथे कापूस कमरेएवढा झाला आणि विहिरीला पुन्हा पाणी राहिलं. मी या स्तंभातही मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं.

पाच पावसाळे गेले आणि तलाव पुन्हा उथळ दिसू लागला. मी धाकट्या भावाला विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "दादा, वरचा नाल्याकाठचा बांध आपण फोडला ना, ट्रॅक्टर सरळ फिरावा म्हणून. आपलीच माती जाते तिकडे." तलावाच्या वरच्या अंगाला आमचंच शेत. बांध माझ्या संमतीने फुटला होता. गाळावर भाषण करणारा मी, आणि तलावात गाळ सोडणाराही मीच! आम्ही दोन वर्षांपूर्वी तो बांध पुन्हा घातला. नाल्याकाठची बारा फुटांची पट्टी नांगरायची नाही, गवत राहू द्यायचं, असं ठरवलं. भावाची कुरकुर अजून चालू आहे, कारण पट्टी त्याच्या वाट्यात येते. मी माझ्या वाट्यातून भरून देतो म्हटलं, तेव्हा तो गप्प झाला. धरणातला गाळ धरणात तयार होत नाही. तो चढावर तयार होतो, नांगराच्या तासात आणि उघड्या टेकडीवर. कवळाण्याच्या त्या राजाने बांध घातला, पण वरच्या प्रत्येक शेताचा बांध तो कसा घालणार?

आजव्याहून परतताना मी फुईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पूर येईल की नाही?"

मी म्हणालो, "येऊ शकतो. आधीपेक्षा थोडा कमी कदाचित. पण येणारच नाही असं मी उमेशला सांगू शकत नाही."

"खोटं नको सांगूस," ती म्हणाली.

रात्री उमेशला व्हिडिओ कॉल लावला आणि भिंतीवरची रेघ दाखवली. मी शेजारी उभा राहिलो, म्हणजे उंची कळावी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एवढं होतं?" त्या दोन वर्षांत तो दोनदा येऊन गेला होता, पण दोन्ही वेळा हॉलमध्येच बसला. ही रेघ होती देवघरात, आणि त्याने ती पाहिलीच नव्हती. त्याच्यावर मी रागावलो नाही. तळ बघायला आत उतरावं लागतं, हे मलाही कुठे लवकर कळलं होतं!

तिघांच्या बोलण्यातून मधला मार्ग निघाला. घर विकायचं नाही. पण जूनअखेर ते नवरात्र फुईने पुण्याला राहायचं, आणि कागदपत्रं, दागिने, फुवांचे नकाशे आताच पुण्याला न्यायचे. फुईने एकच अट घातली. नवरात्रात गरबा ऐकायला मी बडोद्यात हवी. म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परत. उमेशने मान्य केलं.

निघायच्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात चहा घेत होतो. तुळस एवढी घनदाट मी कधी पाहिली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "पुरानंतर घरातून बावीस घमेली गाळ निघाला. सगळा कसा फेकायचा? दोन घमेली कुंडीत घातला, शेवग्याला घातला." मग डब्यात भाकरवडी भरता भरता म्हणाली, "तुझ्या शेताला पाहिजे तर ने पिशवीभर. तुमचीच असेल."

मी हसलो. विश्वामित्रीचा गाळ पावागडाकडचा, आमचा जातो उकाईला, हे तिला भूगोलाच्या मास्तराने सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पिशवीभर गाळ आणला आहे. दारातल्या कुंडीत घातला.

वाचकहो, आता थंडी आहे, तलावांत पाणी आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या गावच्या तलावात एकदा काठी घेऊन उतरा. किती आत जाते ते बघा. आणि परत येताना वरच्या अंगाच्या बांधावरून या.